ध्वनिप्रवाह आणि त्याची मालकी



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तेव्हापासून व्याख्यान ही महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाची एक संस्थाच होऊन बसली आहे, आणि आपल्या या तालुक्याच्या गावी एका निःस्पृह ग्रंथपालांच्या स्मरणार्थ जी माला चालते ती त्याच परंपरेतली आहे, हे निराळे सांगावयास नको. ग्रंथ कोणाच्याही मेहेरबानीवाचून वाचकाच्या हाती पडावा, हा त्या ग्रंथपालांचा ध्यास होता. वाणीच्या बाबतीत तोच ध्यास कसा धरता येईल, म्हणजे एका ठिकाणी उच्चारलेला शब्द जवळजवळ त्याच क्षणी दूरच्या श्रोत्याच्या कानी घालण्याचे साधन समाजाच्या स्वतःच्या ताब्यात कसे राहील, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या साहाय्याने केलेले थेट ध्वनिप्रक्षेपण, हे त्याचे आजचे नाव. माझी नोकरी प्रक्षेपणाच्या तांत्रिक शाखेत झाली, त्यामुळे यंत्रांविषयी मी बराच वेळ बोलेन. परंतु माझे मुख्य म्हणणे मालकीसंबंधी आहे, आणि यंत्रांचा तपशील त्याच म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ मांडणार आहे.

रेडिओचे उदाहरण आधी घेऊ. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याचे प्रक्षेपक यंत्र अवघ्या दीड किलोवॅटचे होते आणि ते चालवणारी कंपनी खाजगी होती. ती कंपनी १९३० साली बुडाली आणि कारभार सरकारकडे गेला. १८८५ च्या तार कायद्याने या प्रकारच्या दळणवळणाचा अनन्य अधिकार सरकारने स्वतःकडे आधीच राखून ठेवला होता; त्यामुळे पुढे सहा-साडेसहा दशके हवेतून कोणी बोलावे आणि कोणी बोलू नये याचा निर्णय सरकारी दप्तरातच होत राहिला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला, २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवण्याची मुभा मिळाली, आणि सातारा जिल्ह्यातील म्हसवडसारख्या गावी माणदेशच्या बायाबापड्यांचा स्वतःचा आवाज नभोवाणीवर उमटू लागला. या केंद्रांविषयी मला मनापासून आदर आहे. तरीही परवाना, मनोऱ्याची उंची, १०० वॅटच्या आसपासची शक्तिमर्यादा आणि स्वतंत्र वार्तापत्रावरील निर्बंध यांच्या चौकटीतच त्यांना चालावे लागते. या निर्बंधांपैकी काही अनाठायी असले, तरी परवान्याच्या मुळाशी एक खरे भौतिक कारण आहे, ते असे की एकाच परिसरात एकाच कंप्रतेवर दोन केंद्रे बोलू लागली तर दोघांचेही बोलणे कोणाला कळत नाही. जागा मोजकी आहे, म्हणून वाटप करणारा कोणीतरी लागतो.

इंटरनेटवर ही अडचण मुळातच नाही. एका गावाने आपला ध्वनिप्रवाह सुरू केला म्हणून शेजारच्या गावाचा प्रवाह दबला जात नाही. त्यामुळे ज्या काळी हे नवे माध्यम उदयास आले, त्या काळी वाटपाच्या अधिकाऱ्याची गरज संपली अशी अनेकांची समजूत झाली असल्यास नवल नाही. मार्च १९९२ मध्ये इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या अभियंत्यांची सभा सान डिएगो येथे भरली असता तिचा ध्वनी सुमारे वीस ठिकाणी थेट पोहोचवण्यात आला. ७ नोव्हेंबर १९९४ रोजी उत्तर कॅरोलिना विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या डब्ल्यूएक्सवायसी या नभोवाणी केंद्राने आपला कार्यक्रम इंटरनेटवरही वाहता केला. हे सारे प्रयोग विद्वानांचे आणि विद्यार्थ्यांचे होते. सामान्य माणसाच्या संगणकावर थेट आवाज आणला तो १९९५ मध्ये ‘रिअलऑडिओ’ने, आणि त्या कामगिरीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही, कारण ज्या काळी दूरध्वनीच्या तारेतून सेकंदाला जेमतेम १४ किंवा २८ किलोबिट येत, त्या काळी बोलणे समजेल इतका ध्वनी त्यातून काढणे ही मोठीच विद्या होती. परंतु ऐकण्याचे साधन, पाठवण्याचे साधन आणि ध्वनी ज्या रूपात बांधून पाठवायचा ते रूप, ही तिन्ही एकाच कंपनीची होती, आणि प्रक्षेपण करणाऱ्याने एकाच वेळी किती श्रोत्यांना सेवा द्यायची यावर परवान्याची किंमत ठरत असे. हवेतील लहरींचा परवाना गेला आणि त्याच्या जागी सॉफ्टवेअरचा परवाना आला. फरक इतकाच की पहिल्या परवान्याला निसर्गाचे कारण होते, दुसऱ्याला केवळ मालकाची इच्छा.

यानंतरचे १९९८ हे वर्ष माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासाचा मर्मबिंदू आहे, म्हणून तेथे थोडे थांबतो. ध्वनी संक्षिप्त करण्याची एमपी-३ ही पद्धत तोवर जगभर पसरली होती. तिचा विकास जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत मुख्यत्वे झालेला होता. मानवी कानाला एका मोठ्या आवाजाच्या सान्निध्यातला लहान आवाज ऐकूच येत नाही, या शरीरशास्त्रीय सत्याचा उपयोग करून, जे ऐकू येणार नाही ते वगळावयाचे आणि उरलेले साठवावयाचे, हे तिचे तत्त्व. कॉम्पॅक्ट डिस्कवरचा ध्वनी सेकंदाला ४४,१०० वेळा, दोन्ही बाजूंचा, सोळा-सोळा बिटांनी मोजलेला असतो. त्याची बेरीज सेकंदाला १४११ किलोबिट होते. एमपी-३ ने तेच संगीत १२८ किलोबिटांत, म्हणजे अकराव्या हिश्श्यात, बऱ्यापैकी ऐकू येईल असे बसवले. मानक जाहीर होते, त्यामुळे कित्येक तरुणांनी त्यावरून आपापले एनकोडर, म्हणजे ध्वनी संक्षिप्त करणाऱ्या प्रणाली, लिहून फुकट वाटले. जाहीर मानक म्हणजे सर्वांचे मानक, असा त्यांचा समज होता. सप्टेंबर १९९८ मध्ये फ्राउनहोफरची पत्रे त्यांच्याकडे येऊन पोहोचली, आणि त्या पत्रांत पेटंटाच्या आधारे शुल्काची मागणी होती.

या पत्रांमुळे जे घडले ते सांगण्यासारखे आहे. ख्रिस्तोफर माँटगोमेरी हा अमेरिकन प्रोग्रामर काही वर्षे ‘ऑग’ या नावाने ध्वनिसंक्षेपाचे काम करीत होता. त्याने आता निश्चय केला की कोणाच्याही पेटंटाची बाधा होणार नाही अशी, एमपी-३ ला तोडीस तोड पद्धत निर्माण करायची. तिचे नाव व्हॉर्बिस. जुलै २००२ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिचे विवरण झिफ या संस्थेने सार्वजनिक मालकीत सोडून दिले, आणि तिच्या मूळ प्रणालींचा परवाना इतका सैल ठेवला की व्यापारी कंपनीनेही त्या आपल्या उत्पादनात बिनदिक्कत घालाव्यात. आपल्याकडे इनाम जमिनीच्या सनदेत ‘वंशपरंपरा’ असा शब्द असे. येथे सनद जगाच्या नावे करून देण्यात आली आणि परत घेण्याची कलमे मुद्दाम गाळण्यात आली. एवढ्या परिश्रमाने घडवलेले साधन इतक्या निर्मोहीपणे देऊन टाकणाऱ्यांविषयी मला जो पूज्यभाव वाटतो, तो येथे स्पष्टपणे बोलून दाखवणे मी माझे कर्तव्य समजतो.

त्याच सुमारास प्रक्षेपणाच्या सर्व्हरच्या बाबतीतही अशीच घटना घडली. १९९८ च्या अखेरीस नलसॉफ्ट या लहानशा कंपनीचा ‘शाउटकास्ट’ अवतरला आणि घरबसल्या नभोवाणी केंद्र चालवण्याची कल्पना हजारो तरुणांच्या डोक्यात शिरली. त्याला पैसे पडत नसत. पण त्याचा मूळ कोड बंद होता, तो कोणाला वाचता येत नसे आणि त्यात सुधारणाही करता येत नसे. जॅक मॉफिट आणि बरथ राघवन या दोघांनी लगोलग ‘आइसकास्ट’ लिहावयास घेतला तो याच कारणासाठी. जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली तो प्रसिद्ध झाला. या परवान्याचा जाबता असा आहे की प्रणाली कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी आणि वाटावी. मात्र बदललेली प्रणाली वाटताना तिचा कोडही त्याच अटीवर पुढच्याला द्यावा. नलसॉफ्ट १९९९ सालीच एका अवाढव्य कंपनीने विकत घेतली आणि शाउटकास्टचे भवितव्य त्या कंपनीच्या हिशेबांवर अवलंबून राहिले. आइसकास्ट मात्र आजही चालू आहे, त्याच्या मूळ कर्त्यांनी ते काम कधीच इतरांच्या हाती सोपवले असूनही चालू आहे. संस्था म्हणून एखादी गोष्ट टिकणे याचा अर्थ याहून वेगळा काय असतो?

सर्व्हर मुक्त असून भागत नाही, ध्वनीचे रूपही मुक्त असावे लागते, हे १९९८ ने शिकवले. त्या धड्याचे फळ म्हणजे सप्टेंबर २०१२ मध्ये इंटरनेटच्या मानकमंडळाने मान्य केलेला ‘ओपस’ हा कोडेक, म्हणजे ध्वनी संक्षिप्त करण्याची आणि पुन्हा उलगडण्याची पद्धत. स्काइपने बोलण्यासाठी तयार केलेली एक पद्धत आणि झिफच्या मंडळींनी संगीतासाठी तयार केलेली दुसरी, या दोहोंचा त्यात संयोग आहे. ज्याँ-मार्क व्हालँ, कोन व्होस आणि टिमथी टेरिबेरी हे त्याच्या मानकाचे लेखक. सेकंदाला ६ किलोबिटांपासून ५१० किलोबिटांपर्यंत तो कसाही वाकतो. एकट्या वक्त्याचा आवाज ३२ किलोबिटांत इतका स्वच्छ येतो की वक्त्याने श्वास घेतलेलाही कळावा. एमपी-३ चा परवाना देण्याची व्यवस्था पेटंटांची मुदत सरल्यावर २३ एप्रिल २०१७ रोजी संपुष्टात आली, त्यामुळे आज तीही पद्धत निर्धोक झाली आहे, आणि ज्या जुन्या उपकरणांना ओपस समजत नाही त्यांच्यासाठी तिचा दुसरा प्रवाह शेजारी ठेवण्यास हरकत नाही.

आता ही व्यवस्था चालते कशी, ते सांगतो. सभागृहातील ध्वनिक्षेपकाची एक तार साध्या संगणकाला जोडावयाची. त्या संगणकावरील प्रणाली ध्वनीचा संक्षेप करून तो अखंडपणे आइसकास्टकडे पाठवते. आइसकास्ट त्या प्रवाहाला एक पत्ता देतो, त्याला माउंटपॉइंट म्हणतात, आणि जो कोणी त्या पत्त्यावर येईल त्याला तो प्रवाह देत राहतो. ऐकणाऱ्याला निराळे काही घ्यावे लागत नाही. त्याच्या मोबाइलमधला नेहमीचा ब्राउझर पुरे होतो.

येथे रेडिओ आणि इंटरनेट यांतला खरा भेद ध्यानात घेतला पाहिजे. रेडिओच्या मनोऱ्याखाली दहा माणसे ऐकोत की दहा लाख, वीज तितकीच जळते. इंटरनेटवर हे काम पंगतीसारखे आहे. प्रत्येक पानावर वेगळे वाढावे लागते, आणि पाने वाढली की वाढपी व शिधा दोन्ही वाढवावे लागतात. मघाशी सांगितलेल्या १९९२ च्या प्रयोगात एकाच प्रवाहाच्या प्रती वाटेतल्या यंत्रांनी काढाव्यात अशी योजना होती, पण ती पद्धत सार्वजनिक इंटरनेटवर रुजली नाही. म्हणून हिशेब रोकडा आहे: ३२ किलोबिटांचा प्रवाह, ३०० श्रोते, म्हणजे सेकंदाला ९,६०० किलोबिट, अर्थात साडेनऊ मेगाबिटांहून थोडे अधिक. गावातल्या जोडणीवर हा भार टाकण्याचे कारण नाही. येथून एकच प्रवाह भाड्याच्या एखाद्या लहान सर्व्हरकडे जावा आणि वाटप तेथून व्हावे. श्रोते फारच वाढले तर आइसकास्टचा दुसरा सर्व्हर पहिल्याकडून तोच प्रवाह उचलून पुढे वाटू शकतो, तेव्हा शेजारच्या तालुक्यांतील संस्थांना हा भार आपसात वाटून घेता येतो. श्रोत्याच्या बाजूने पाहता तासाभराचे व्याख्यान साडेचौदा मेगाबाइटांच्या आत बसते. चलच्चित्रापेक्षा मी ध्वनीचा आग्रह धरतो तो यासाठी. डोळे अधू झालेले वृद्ध, स्वयंपाकघरात गुंतलेली गृहिणी, रात्रपाळीचा पहारेकरी आणि ज्याचा मोबाइल डेटा महिनाअखेर संपत आला आहे असा विद्यार्थी, या सर्वांना ध्वनी परवडतो.

एक बारकावा मुद्दाम सांगावासा वाटतो, कारण तो न कळल्यामुळे पुष्कळ संस्थांची निराशा होते. नवा श्रोता आला की त्याला तिष्ठत ठेवू नये म्हणून आइसकास्ट आरंभीच साठ्यातला काही भाग एकदम देतो, आणि मूळ मांडणीत हा भाग ६५,५३५ बाइटांचा असतो. १२८ किलोबिटांच्या संगीतात हा चार सेकंदांचा ऐवज झाला. परंतु ३२ किलोबिटांच्या भाषणात तो सोळा सेकंदांचा होतो, आणि तितका विलंब सबंध व्याख्यानभर श्रोत्याच्या मागे राहतो. घरबसल्या प्रश्न विचारणाऱ्याला मग सभेशी आपला मेळ बसत नाही असे वाटू लागते. हा आकडा कमी करून घेणे एका ओळीचे काम आहे. तसेच प्रवाह मध्येच तुटला तर श्रोत्यांना आपोआप दुसऱ्या प्रवाहाकडे वळवण्याची आणि मूळ प्रवाह परत येताच त्यांना माघारी आणण्याची सोय त्यात आहे. वीज जाणाऱ्या गावांनी तिचा उपयोग अवश्य करावा. शिवाय स्थापनेबरोबर येणारे परवलीचे शब्द पहिल्याच दिवशी बदलावेत. दिवसाचे सर्व तास कार्यक्रमाने भरायचे असतील, तर फ्रान्समधील ल्यों येथील इकोल नॉर्माल सुपेरियरच्या विद्यार्थ्यांनी आरंभलेली ‘लिक्विडसोप’ ही प्रणाली आहे; तिच्यात कोणत्या वेळी काय वाजावे आणि थेट सभा सुरू होताच बाकीचे कसे बाजूला सरावे, हे सारे लेखी नियमांनी ठरवता येते. आपल्या गरजेपेक्षा ते अधिक आहे.

कायद्याची बाजू मात्र सोपी नाही. अमेरिकेत २००२ साली इंटरनेटवरील संगीताचा दर प्रत्येक गाण्याला प्रत्येक श्रोत्यामागे ०.०७ सेंट असा ठरला. आकडा क्षुल्लक भासतो. परंतु तासाला १५ गाणी आणि सतत १००० श्रोते धरले तर दिवसाला २५२ डॉलर होतात, आणि हौशीने चालवलेली कित्येक केंद्रे या धास्तीने बंद पडली. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात ३१-ड हे कलम आले आणि प्रक्षेपकांना ठरावीक मोबदल्यात संगीत वापरण्याचा वैधानिक परवाना मिळाला. परंतु २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की हा लाभ रेडिओ व दूरचित्रवाणी यांच्यापुरता असून इंटरनेट त्यात येत नाही, आणि २०२२ मध्ये खंडपीठानेही तो कायम केला. तात्पर्य, चित्रपटगीते वाजवण्याची हौस असेल तर हा मार्ग आपला नव्हे. व्याख्यान, कीर्तन, काव्यवाचन, स्थानिक कलावंतांचे स्वतःचे गायन, ज्याच्या कर्त्याची संमती आपण समोरासमोर मागू शकतो असे सर्व काही आपले.

माझ्या या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. मोठ्या कंपन्यांच्या व्यासपीठांवर एक बोट दाबून थेट प्रक्षेपण करता येते, पैसे पडत नाहीत, आणि लोक तर तेथेच जमलेले आहेत. मग हा खटाटोप कशासाठी? ही सोय खरी आहे आणि मार्च २०२० नंतर सभागृहे बंद असताना अनेक व्याख्यानमाला तिच्याच आधाराने तगल्या, याचे मला विस्मरण झालेले नाही. परंतु त्या जागी आपण कूळ आहोत, आणि कूळकायदाही तेथे आपल्या बाजूला नाही. अटी मालक एकतर्फी बदलतो. स्वागतगीतात एखाद्या ध्वनिमुद्रिकेचा भास होताच यंत्र आपण होऊन प्रवाह थांबवू शकते, आणि सभा चालू असताना दाद मागायला समोर माणूस नसतो. कोण ऐकते, किती वेळ ऐकते, कोठे उठून जाते, याची नोंद दुसऱ्याच्या दप्तरी होते आणि तिचा व्यापार होतो. वाचनालयाने वाचकाची नोंदवही जाहिरातदाराला दाखवली असती तर आपण ते खपवून घेतले असते काय? शिवाय ध्वनिमुद्रणाचे जतन त्या मालकाच्या मर्जीवर राहते. तेथे प्रवाह देऊ नये असे मी म्हणत नाही. मूळ प्रवाह आपला असावा आणि त्याची एक प्रत तेथे जावी, असे म्हणतो. क्रम उलटा झाला की संस्था आपल्याच व्याख्यानाची पाहुणी होते.

म्हणून या वाचनालयापुढे माझी सूचना अशी आहे. पुढच्या वर्षीच्या मालेपासून प्रत्येक व्याख्यान आइसकास्टवरून थेट जावे. दोन तरुण कार्यकर्त्यांनी हे काम शिकून घ्यावे, एकानेच नव्हे, कारण एका माणसाच्या डोक्यात राहिलेली विद्या तो बदलून गेला की संस्थेला पारखी होते. सर्व्हरचे भाडे वर्गणीतून दिले जावे आणि ते वार्षिक अहवालात स्वतंत्र बाब म्हणून दाखवावे. आपल्याकडे सायंकाळी साडेसहाला सभा सुरू होते तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे आठ किंवा नऊ वाजलेले असतात आणि लंडनमध्ये दुपार असते. या गावातून तिकडे गेलेल्या माणसांना पत्ता आधी कळवला तर ती आपल्यासोबत ऐकू शकतील आणि प्रश्नही पाठवू शकतील. प्रत्येक व्याख्यानाचे मुद्रण ओपस रूपात दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवून ग्रंथांप्रमाणेच त्याला दाखलअंक द्यावा, म्हणजे ते कपाटातल्या पुस्तकाइतकेच शोधता येईल. आणि वक्त्याकडून लेखी संमतिपत्र घेण्याची वहिवाट पाडावी, ज्यात थेट प्रक्षेपण, मुद्रणाचे जतन आणि पुढील वाटप या तिन्हींचा निरनिराळा उल्लेख असेल, जेणेकरून एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणण्याचा वक्त्याचा हक्क अबाधित राहील. अशा पत्राचा एक मसुदा मी तयार करून आणला आहे आणि त्यावर तिन्ही ठिकाणी सही करून तो सभेपूर्वी चिटणिसांच्या स्वाधीन केला आहे.